माळावरची गार वाचायची कशी

पारनेर तालुक्यातल्या एका टेकाडावर आमचं सलग समतल चरांचं काम चालू होतं. दोन फूट रुंद, फूटभर खोल, टेकाडाच्या अंगाने वळसा घेत जाणारे चर. मी पुढे फक्कीची रेघ मारत आणि बाया टिकाव-घमेली घेऊन मागे. आदल्या रात्री वळीव चांगला झोडपून गेला होता. चराच्या खालच्या अंगाला टाकलेली माती धुऊन निघाली होती आणि तिच्यावर काहीतरी लकाकत होतं. बाटलीची काच असणार, कुणाच्या तरी पायात जाईल, म्हणून उचलली. काच नव्हती. करंगळीच्या नखाएवढी दुधाळ चंद्रकोर होती. एक कड सरळ, पात्यासारखी धारदार. दुसरी कड अर्धगोल, आणि त्या गोलाईवर एका ओळीत बारीक बारीक टवके काढलेले, उंदराने खोबऱ्याची वाटी कुरतडावी तसे.

शेजारी मेंढरं घेऊन उभे असलेले आबा म्हणाले, "ताई, ती गार हाय. आमचा आज्जा चकमकीला वापरायचा. पर ही लईच बारकी. हिच्यानं काय इस्तू पडायचा न्हाई."

तिच्याने विस्तव पाडायचाच नव्हता. हजारो वर्षांपूर्वी माणसं काडीच्या किंवा हाडाच्या खाचेत अशा चारपाच घडवलेल्या गारा, म्हणजे गारगोटीचे तुकडे, डिंकाने किंवा राळेने बसवून बाण करायची, कापायची हत्यारं करायची. हे मला कळायला पुढे चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत मी जे केलं ते तुम्ही करू नका, म्हणून हे लिहायला बसले आहे. मी दिसेल ती चकाकती गार उचलून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकत गेले. १६३ तुकडे झाले. मग एकदा पुण्याहून एक अभ्यासक त्या भागात आले होते, त्यांच्यासमोर डबा मोठ्या तोऱ्यात पालथा केला. त्यांनी बोटाने तुकडे पसरले, चार बाजूला काढले, "छान आहेत" म्हणाले आणि एकच प्रश्न विचारला, "यातला कुठला कुठे सापडला?" मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. डबा अजून माझ्या कपाटावर आहे. अभ्यासाच्या दृष्टीने त्याची किंमत रिकाम्या डब्याएवढीच.

आधी दगडाची जात ओळखा

परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत सगळीकडे 'फ्लिंट' हा शब्द भेटतो. तो दगड तिकडे खडूच्या मऊ पांढऱ्या खडकात गोळ्यांच्या रूपात होतो. आपल्या दख्खनच्या पठारावर तो खडूही नाही आणि ते गोळेही नाहीत. आपल्याकडे सगळा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, ते थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि पुढे त्या पोकळ्यांत सिलिका मिसळलेलं पाणी झिरपून झिरपून त्यांच्यात गारगोट्या भरल्या. धुरकट, दुधाळ, अर्धपारदर्शक असते ती कॅल्सेडनी. तिच्यातच पट्टे असले की अकीक. लाल किंवा हिरवट, अपारदर्शक, मेणचट चमकेचा तो जास्पर. आपल्या टेकड्यांवरची बारीक हत्यारं बहुतेक याच तिघांची.

विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो खडक माहीत असेल तर निम्मं काम झालं. मांजऱ्याला भोकं फार आणि भोकांत गारा फार. तो झिजला की गारा सुट्या होऊन उतारावर पसरतात. आदिमानवाला गार आणायला लांब जावं लागत नव्हतं. आपली अडचण नेमकी तिथेच आहे: ज्या माळावर हत्यारं असतात त्याच माळावर कुणाचाही हात न लागलेल्या हजारो गारा पडलेल्या असतात. म्हणून पहिले आठ दिवस हत्यारं शोधूच नका. आपल्या माळावरच्या साध्या गारा कशा दिसतात, आपसूक फुटल्या तर कशा फुटतात, एवढंच बघा. त्या पांढऱ्या खडबडीत सालीसकट असतात, गोलसर असतात, कधी आतून पोकळ आणि स्फटिकांनी भरलेल्या. स्फटिकांच्या सपाट चकचकीत बाजू बघून बरेच जण फसतात. ते पैलू निसर्गाने पाडलेले असतात. त्याच पोकळ्यांत झिओलाइट नावाचं दुसरं खनिजही असतं. त्याचे पांढरे झुबके चाकूने ओरखडतात, गार ओरखडत नाही, उलट चाकूच्याच पोलादाची रेघ तिच्यावर उमटते. ही चाकूची परीक्षा साध्या दगडावर करून हात बसवा. संशयित हत्यारावर चाकू लावायचा नाही.

मोठी हत्यारं मात्र वेगळी. वीतभर लांबीच्या हातकुऱ्हाडी आपल्याकडे काळ्या पाषाणाच्याच, आणि त्या जास्त करून नद्यांच्या काठच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांत सापडल्या आहेत. आमच्याच जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिरकी नाल्यावर, आणि शेजारच्या पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरीला, कऱ्हेकाठी मोरगावला. काळा पाषाण कुजतो, त्याच्यावर तपकिरी साल धरते आणि घाव पुसट होतात, त्यामुळे हातकुऱ्हाड ओळखणं नवख्याचं काम नाही. मी स्वतः आजवर एकही खात्रीने ओळखलेली नाही. मी बोलणार आहे ती टेकड्यांवरच्या बारक्या गारांबद्दल. अभ्यासक त्यांना सूक्ष्मास्त्रं म्हणतात.

एक गार स्वतः फोडून बघा

वाचून ही नजर येत नाही, हे स्वच्छ सांगते. नदीतून मुठीएवढी चांगली गार आणा. डोळ्यांवर वेल्डिंगवाल्याचा नाही तर मोटारसायकलचा चष्मा, हातात जाड हातमोजा, आणि खाली जुनी ताडपत्री. दुसऱ्या गोल गोट्याने तिच्या कडेवर तिरका घाव घाला. अगदी मध्यावर घातलात तर नुसता चुरा होईल. कडेपासून थोडं आत, खाली आणि बाहेर झटकल्यासारखा मारा. पाचसहा घावांत एखादा तरी नीट छिलका सुटेल.

तो हातात घ्या. त्याला पोट आहे आणि पाठ आहे. पोट म्हणजे आत्ताच सुटलेली, गुळगुळीत बाजू. वरच्या टोकाला जिथे घाव बसला तिथे एक बारीकशी सपाट जागा दिसेल. तिच्या लगेच खाली पोटावर फुगवटा आहे, लहान मुलाच्या पोटासारखा. अंगठा फिरवा, डोळ्यांआधी अंगठ्याला तो कळतो. त्या फुगवट्यापासून खाली लहरी पसरत गेलेल्या असतात, विहिरीत खडा टाकल्यावर उठतात तशा, आणि एकूण तूट शिंपलीच्या आतल्या बाजूसारखी वळणदार. सोड्याच्या फुटक्या बाटलीच्या बुडाशी हेच सगळं दिसतं, कारण काच आणि गार दोन्ही एकाच रीतीने फुटतात. आता पाठ बघा. पहिल्या छिलक्याच्या पाठीवर नुसती खडबडीत साल असेल. तिसऱ्या-चौथ्याच्या पाठीवर आधीच्या छिलक्यांच्या खुणा दिसतील, खोलगट आणि एकमेकींना धारेवर भेटणाऱ्या.

सगळी शाळा एवढीच. घावाची सपाटी, फुगवटा, लहरी, आणि पाठीवर आधीच्या घावांच्या खुणा. चारही एका तुकड्यावर मिळाले तर तो माणसाने काढला असण्याची शक्यता भक्कम. एकच मिळालं तर गप्प बसायचं.

झालं की ताडपत्रीतला सगळा चुरा गोळा करून घरच्या कचऱ्यात टाका. माळावर तर अजिबात टाकू नका. पन्नास वर्षांनी कुणीतरी तिथे येईल आणि तुमचा रविवारचा उद्योग वहीत अश्मयुग म्हणून लिहील.

छिलका म्हणजे हत्यार नव्हे

छिलका ओळखता आला की लोक थांबतात. खरी मजा पुढे आहे. एक हत्यार करताना कारागिराच्या पुढ्यात कितीतरी छिलके पडतात, त्यामुळे माळावर तुम्हाला सापडेल तो बहुतेक कचराच. पण कचऱ्यातही प्रकार असतात.

गाभा शोधा. ज्या गारेवरून छिलके काढले ती उरलेली गार म्हणजे गाभा. पाती काढून संपवलेला गाभा अंगठ्याच्या पेराएवढा असतो आणि त्याच्यावर उभ्या, अरुंद, समांतर पन्हळी असतात, मक्याच्या कणसावरून दाण्यांच्या ओळी सोलून काढाव्यात तशा. अशी समांतर पन्हळ निसर्ग पाडत नाही. मला एखाद्या जागेची खात्री पटवायला दहा चंद्रकोरींपेक्षा असा एक गाभा पुरतो.

पातं म्हणजे लांबट छिलका, रुंदीच्या निदान दुप्पट लांब, दोन्ही कडा जवळजवळ समांतर, पाठीवर एक किंवा दोन सरळ कणे. अखंड पातं क्वचित मिळतं, तुकडेच जास्त. सापडणाऱ्या पात्यांत एखादं असं निघतं की त्याच्या पाठीचा कणा सरळ नसून नागमोडी असतो आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना आडवे घाव असतात, वेणीच्या पेडांसारखे. ते बघितलं की मी अजूनही खाली बसते. कारागिराने अखंड गारेवर आधी दोन्ही बाजूंनी घाव घालून एक नागमोडी धार तयार केली, म्हणजे पहिलं पातं त्या धारेच्या रेषेत सरळ सुटेल आणि पुढच्या सगळ्या पात्यांना वाट मिळेल. वेणीवालं पातं हे ते पहिलं. पाया आखल्याशिवाय भिंत घ्यायची नाही, फक्कीशिवाय चर खोदायचा नाही, तसंच ते. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगावला १९६८ मध्ये सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन सुरू केलं. तिथल्या शेतकऱ्यांकडे तांबं होतं, पण ते जपून वापरायचं, आणि रोजचं कापणं-चिरणं अशाच पात्यांवर. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली ही वस्ती. सातू पिकवणारी, घरं बांधून राहणारी माणसं, आणि हातात गारेचं पातं.

मग येतात तयार हत्यारं. इथे बघायचे ते कडेवरचे टवके. चंद्रकोर, त्रिकोण, किंवा एक बाजू मुद्दाम बोथट केलेलं पातं. बोथट कशासाठी, तर तो भाग खाचेत डिंकाने बसवायचा असतो. तिथे धार असली तर बसवणाऱ्याचं बोट कापेल आणि काडीही चिरेल. म्हणून हे टवके एकाच कडेवर, एकाच दिशेने, जवळजवळ एका मापाचे आणि कडेला काटकोनात उभे असतात. बैलगाडी, मेंढरं आणि माणसांच्या पायांनीही कडा फुटतात, पण त्या कशाही फुटतात: इथे एक मोठा, तिथे दोन बारके, एकदा पोटाकडून, एकदा पाठीकडून.

फसवणारे

वणवा हा पहिला. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुसळी गवत पेटतं, त्या धगीने गारा तडकतात आणि त्यांच्यावर बशीसारखे गोल खळगे पडतात. त्यांना फुगवटा नसतो, घावाची सपाटी नसते. जेसीबीचे दात आणि नांगराचा फाळ गार फोडतात, तिथे मात्र फुगवटा असू शकतो. अशा वेळी रंग बघा. जुन्या तुटीवर पांढरट, किंचित दुधी पापुद्रा धरलेला असतो, ताजी तूट आतून चकचकीत आणि वेगळ्या रंगाची. लोखंड घासलेल्या जागी गंजकी रेघही सापडते. ती दिसली की पुढे चला.

क्रशरच्या खडीबद्दल काय सांगू! तिच्यातला एक तुकडा घेऊन मी एकदा दोन दिवस भारावलेली होते. रस्त्याच्या कडेला, बंधाऱ्याच्या भरावात, मंदिराच्या नव्या ओट्याजवळ काहीही सापडलं तरी आधी ट्रॅक्टरवाल्याला विचारा, मुरूम कुठून आणला. खरं हत्यारसुद्धा मुरमाबरोबर पाच किलोमीटर प्रवास करून आलेलं असतं.

केव्हा आणि कुठे फिरायचं

पहिल्या एकदोन पावसांनंतर लगेच, गवत उगवायच्या आत. गार धुऊन निघते आणि ओलसर मातीवर उठून दिसते. ऑगस्टमध्ये गेलात तर फक्त कुसळं घेऊन परत याल. वेळ सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, ऊन तिरपं असताना. सूर्याकडे तोंड करून चालायचं, म्हणजे अर्धपारदर्शक गारेतून उजेड येतो. दुपारी बाराला सगळा माळ सारखाच पांढरा.

आपल्या टेकड्या पायऱ्यापायऱ्यांच्या आहेत, लाव्हाच्या थरांमुळे. उतारावर तुकडे दिसले तर तिथेच घुटमळू नका, वर बघा. वरच्या सपाट टप्प्याच्या कडेला, जिथून खालची नदी किंवा ओढा दिसतो, वारा लागतो आणि मागे आडोसा आहे, तिथून ते धुपून आलेले असतात. मेंढवाडा बसवायला आबा जी जागा निवडतात ती आणि ही जागा आजवर तीन टेकाडांवर एकच निघाली. त्यामुळे आता मी नव्या माळावर गेले की आधी जुने मेंढपाळ गाठते आणि विचारते, "आबा, मेंढरं कुठं बसवता?"

मुद्दाम खणायचं नाही. कुदळीचं एक टोकसुद्धा नाही. दुसऱ्यांनी आधीच उकरलेलं बघायला काम भरपूर आहे: चरांची माती, ओघळींच्या भिंती, खांबांचे खड्डे, वारुळं, उंदरांच्या बिळांबाहेरचा ढीग. भारतात पहिली हातकुऱ्हाड ओळखली गेली तीही अशीच. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरमला रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने मुरमाच्या खाणीत ती पाहिली. खाण कुणी हत्यारांसाठी खणली नव्हती. आणि विंध्याच्या डोंगरांतल्या गुहांमधून बारीक गारांची हत्यारं आर्चिबाल्ड कार्लाइलने १८६७-६८ मध्ये गोळा केली, तेव्हापासून आपल्या डोंगरांवरच्या गारांकडे अभ्यासक बघत आले आहेत.

सापडल्यावर

उचलायचं नाही. खाली बसायचं. आजूबाजूला दहा पावलांत आणखी आहेत का ते बघायचं. एकटा तुकडा वाहून आलेला असू शकतो, वीस तुकडे एकत्र असतील तर ती जागा आहे. सोबत गाभे आणि साल असलेले छिलके असतील तर तिथे बसून कुणीतरी हत्यारं घडवली. नुसतीच तयार हत्यारं असतील तर तिथे ती वापरली किंवा टाकली. हा फरक डब्यात भरलेल्या गारा सांगू शकत नाहीत. जमिनीवर पडलेल्याच सांगतात.

माझ्या पिशवीत आता चार मोठे खिळे, चार मीटर सुतळी, पंधरा सेंटीमीटरची शाळेची पट्टी, वही आणि शिसपेन्सिल असते. पेनाची शाई पावसात जाते. खिळे ठोकून एक मीटरचा चौकोन आखते, त्यातले तुकडे मोजते, प्रकारवार लिहिते. खिळा दोन बोटं रुतला तरी पुरे. जमीन कडक असेल तर दगडाखाली सुतळी दाबते. मोबाइलवरचं जीपीएस लगेच लिहायचं नाही. दोन मिनिटं एका जागी उभं राहायचं, अचूकता चारपाच मीटरवर आली की आकडे उतरवायचे. फोटो तीन: तुकडा आहे तिथेच, शेजारी पट्टी, मग पाठ आणि पोट, मग दूरचा, ज्यात टेकाड आणि क्षितिज येतं. नाणं ठेवून फोटो काढतात लोक, पण रुपयाची नाणी वेळोवेळी आकार बदलतात, पट्टीच बरी. उजेड डावीकडून वरून येईल असं बसा, घावांच्या कडा नीट उमटतात. फोटो झाला की तुकडा होता त्याच जागी, होता त्याच तोंडाने ठेवा.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते:

"१४ जून, सकाळी ७.२०. चर क्र. ९ च्या वर १२ पावलं, उत्तरेकडे. दुसरा सपाट टप्पा. मुरूम, वर चारपाच बोटं माती. चौकोन १ मी.: छिलके १९ (सालीचे ६), पात्यांचे तुकडे ५, गाभे २, चंद्रकोर १. एकूण २७. खापर नाही. कोळसा नाही. खाली ओढा दिसतो. आबा म्हणतात इथे पूर्वी मेंढवाडा बसायचा."

'खापर नाही' हे लिहायला विसरू नका. काय नव्हतं तेही वयाबद्दल काही सांगून जातं.

'किती जुनं?'

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे नसतं. माझ्याकडेही नसतं. पूर्वी सूक्ष्मास्त्र दिसलं की मध्याश्मयुग, म्हणजे साधारण दहा हजार वर्षांपूर्वीपासूनचा काळ, म्हणून मोकळं होता यायचं. आता तसं उरलेलं नाही. मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात मेहताखेडीला अशी हत्यारं सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीची निघाली. चाळीसगाव तालुक्यात डोंगरपायथ्याच्या पाटणे इथे १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ साळींनी उत्खनन केलं, तिथे सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या थरांत दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि जाळीदार नक्षी कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला. खानदेशात शहामृग! आणि दुसऱ्या टोकाला इनामगाव, जेमतेम तीन हजार वर्षांपूर्वीचं. पृष्ठभागावर पडलेली पात्यांची गार यांतल्या कुठल्याही काळातली असू शकते. तिचं वय तिच्या अंगावर लिहिलेलं नसतं. ती ज्या थरात होती त्या थरावरून, सोबतच्या खापरा-कोळशावरून ते काढतात. बोरीला कुकडीच्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. त्या राखेच्या वयावरून अभ्यासकांत वर्षानुवर्षं वाद झाला, कारण हत्यारांचं वय त्यावर ठरतं. थराला एवढी किंमत असते, आणि मी १६३ गारा थराविना घरी आणल्या.

तेव्हा व्हॉट्सॲपवर 'दहा हजार वर्षांपूर्वीचं हत्यार सापडलं' असं लिहू नका. 'गारेचं पातं दिसलं' एवढं लिहा. जागेचा नेमका पत्ता तर अजिबात टाकू नका. गारा विकणारे आणि विकत घेणारे दोघेही वाचतात.

कुणाला सांगायचं

शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, आणि १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही, ती देशाबाहेर नेता येत नाही. संरक्षित स्मारकाच्या आवारातून तर खडाही हलवायचा नाही. आपल्या नोंदी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला लेखी कळवा, पोच घ्या. पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे, अश्मयुगाचा अभ्यास तिथे कितीतरी वर्षं चालू आहे. त्यांचं संग्रहालय आधी एकदा बघून या. पुस्तकातल्या शंभर चित्रांपेक्षा काचेमागची एक चंद्रकोर जास्त शिकवते. पत्राला उत्तर यायला वेळ लागतो. लागू द्या. गारा कुठे पळून जात नाहीत, फक्त कुणी उचलू नयेत.

राहता राहिलं ते आमचं टेकाड. नऊ नंबरच्या वरचा चर त्या चौकोनावरून जाणार होता. फक्की मारून झालेली होती. मी बायांना थांबवलं, चौकोनाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना नऊ-नऊ मीटर मोजून चर तोडला आणि पुढे परत चालू केला. मोजमाप पुस्तकात लिहिलं, "दगड असल्याने १८ मीटर सोडले." तपासणीला आलेल्या साहेबांनी माळावर नजर टाकली. तिथे खडक तर कुठे दिसेना. "कसला दगड?" त्यांनी विचारलं.

"कठीण," मी म्हटलं.

मागे आबा मिशीत हसत होते. साहेबांनी सही केली.